नावाने न सापडलेला माणूस

इलारिया बाउतिस्ताचं इंटरनेटचं दुकान आणि माझं शिवणाचं दुकान, मध्ये एकच भिंत. तिच्याकडे चार संगणक, एक टेलिफोन आणि एक छपाईयंत्र. मुलं खेळायला यायची, पण तिची खरी गिऱ्हाइकं वेगळी होती. स्पॅनिश वाचता न येणारी, ग्वाटेमालाच्या डोंगरातली आमची माम भाषा बोलणारी माणसं. ही माणसं तिच्या शेजारी स्टुलावर बसून हवं ते सांगायची आणि इलारिया शोधून द्यायची. बटाट्यावर पडलेला रोग, कोर्टाची तारीख, उत्तरेला, अमेरिकेत, जाऊन गप्प झालेल्या नवऱ्याचा ठावठिकाणा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आधी ती शाळेत टंकलेखिका होती, बाकीचं तिने चुकत चुकत उचललं. पहिल्या उत्तरावर मात्र तिचा कधीच विश्वास बसायचा नाही. "सगळ्यात वर दिसतो तो सगळ्यात मोठ्याने ओरडणारा," म्हणायची. "खरा असेलच असं नाही."

त्या शनिवारी बाजार भरला होता. दहाच्या सुमारास नान निकोलासा आली. आमच्यात वडीलधाऱ्या बाईला नान म्हणतात. तिच्यामागे तिचा दीर आणि पाड्यावरची पाच-सहा माणसं. निकोलासाचा मुलगा हेरोनिमो दीड महिन्यापूर्वी मेक्सिकोमार्गे उत्तरेला निघाला होता. अकरा दिवसांपूर्वी इलारियाच्याच फोनवर त्याचा आवाज ऐकला, त्यानंतर काही नाही. आणि आज बाजारात कुणाच्या तरी फोनवर बातमी फिरत होती. माणसांनी भरलेला ट्रक काल रात्री मेक्सिकोतल्या महामार्गावर उलटला, मेलेल्यांची यादी आली आहे.

दिराने मयताच्या प्रार्थनेसाठी भजनकऱ्यांना निरोपही धाडला होता. मेणबत्त्यांची जुडी त्याच्या हातातच होती. रडत नव्हती ती फक्त निकोलासा. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "तू बघ. तू म्हणशील ते मी मानीन."

मी शिवण टाकून दारात येऊन उभी राहिले.

इलारियाने ती बातमी उघडली. पानाच्या माथ्यावर आजचीच तारीख होती. खाली नावं. ती बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेली आणि अर्ध्यात थांबली. मलाही दिसलं. मार्तीन हेरोनिमो, ग्वाटेमाला, वय चोवीस.

मुलाचं पूर्ण नाव हेरोनिमो मार्तीन पाब्लो. आमच्याकडे आडनावंसुद्धा मुलांना ठेवायच्या नावांसारखीच असतात. त्यामुळे परका कारकून आमची नावं हटकून उलटी लिहितो. वयही तेवढंच.

"तुझं बोट थांबलं," निकोलासा म्हणाली. "सांग."

इलारियाने खोटं बोलायचं ठरवलं होतं, हे तिने मला नंतर सांगितलं. पण त्या बाईकडे बघून तिला ते जमलं नाही.

"नान, नाव आहे. त्याच्यासारखं नाव. पण नाव म्हणजे माणूस नव्हे. मला थोडा वेळ द्या."

दीर पुढे सरकला. आता आणखी काय बघायचं राहिलं, बाईला उगाच आशेला लावू नकोस, असं तो म्हणाला. इलारियाने त्याला बाहेर बसायला सांगितलं. तो बाहेर गेला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला.

तिला एक गोष्ट खटकत होती. बातमीत 'काल रात्री' होतं, पण वार नव्हता, तारीख नव्हती. माथ्यावरची तारीख तर ते पान रोज आपोआप बदलतं. तिने उलटलेल्या ट्रकचा फोटो उचलला आणि तोच फोटो जगात आणखी कुठे आहे ते शोधायला लावलं. जोडणी इतकी मंद होती की पडद्यावर चित्रं पट्टीपट्टीने उतरत होती. मध्येच दिवे गेले. ते सहा-सात मिनिटांनी परत आले आणि तिने पुन्हा पहिल्यापासून शोधायला लावलं.

मग फोटो दिसला. एकदा, दुसऱ्यांदा आणि शेवटी त्या भागातल्या एका छोट्या रेडिओच्या पानावर. तिथे तारीख होती, दोन वर्षांपूर्वीची. खाली तीच नावं, त्याच क्रमाने.

"दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात हेरोनिमो कुठे होता?" इलारियाने विचारलं.

"इथे," निकोलासा म्हणाली. "माझ्याबरोबर बटाटे काढत होता."

दिराने मेणबत्त्या खाली ठेवल्या. कुणीतरी जुनी बातमी नव्याने सोडून दिली होती. कशासाठी, ते आजवर कळलेलं नाही.

पण मेला नाही म्हणजे सापडला असं नव्हतं. इलारिया नाव लिहीत गेली. उलटं, सुलटं, एक अक्षर बदलून, एक गाळून. दर वेळी शेकडो हेरोनिमो, शेकडो मार्तीन. गायक, वकील, फुटबॉलपटू. दोन तास गेले. तिचे डोळे लाल झाले होते. तुरुंगांच्या याद्या झाल्या, रुग्णालयांच्या झाल्या. मग बेवारस मृतदेहांची यादी तिने पडदा जरा वळवून वाचली. निकोलासाला ते कळलं.

शेवटी निकोलासाच म्हणाली, "तू त्याचं नाव कशाला विचारतेस? नावं सगळ्यांना आहेत. तो कुठला ते विचार."

"ग्वाटेमाला लिहिलंय, नान. आपला वेवेतेनांगो जिल्हाही लिहिला."

"तो वेवेतेनांगो कशाला सांगेल? त्याला विचारलं तर तो तुइपाच म्हणेल."

तुइपाच म्हणजे त्यांचा पाडा. बावीस घरं. कागदोपत्री त्याला संताचं स्पॅनिश नाव आहे, माम नाव फक्त आम्हीच घेतो. इलारियाने ते लिहिलं. काही नाही. दुसऱ्या स्पेलिंगने लिहिलं. काही नाही. मग तिने डोळे मिटले आणि तो शब्द एखाद्या मेक्सिकन बाईला कसा ऐकू येईल तसा पुटपुटली. दोन तुकडे करून लिहिला. तुय पाच.

एकच उत्तर आलं. सीमेजवळच्या शहरात नन्स चालवतात त्या आश्रयगृहाचं पान. घरी कळवता न आलेल्यांची यादी. 'पाब्लो, वय अंदाजे चोवीस. पाय मोडला आहे, ताप आहे. गाव विचारलं की तुय पाच म्हणतो. हे कुठे आहे कुणाला माहीत असल्यास कळवा.'

खाली फोन नंबर होता. इलारिया एकेक आकडा वाचत गेली, मी फिरवत गेले. तिकडच्या ननने नाव ऐकून घेतलं, थांबा म्हणाली आणि निघून गेली. रिसीव्हर निकोलासाच्या कानाला होता. किती वेळ गेला कोण जाणे. आम्ही तिच्या चेहऱ्याकडे बघत उभे होतो आणि तिचा चेहरा काहीच सांगत नव्हता.

मग ती म्हणाली, "कुठला पाय?"

आणि थोड्या वेळाने, "डावा."

ते तिने आम्हाला सांगितलं; फोनवर हेरोनिमोच होता. त्यानंतर ती जमिनीवरच बसली आणि रडली. दीर तिच्याजवळ उकिडवा बसला, पण तिला हात लावायचा त्याला धीर झाला नाही.

लुटारूंनी हेरोनिमोचा फोन नेला होता आणि एकही नंबर त्याला पाठ नव्हता. पाय जुळायला दोन महिने लागले. मग त्याला परत पाठवलं. बसमधून तो कुबड्या घेऊन उतरला, तेव्हा निकोलासाने त्याला आधी इलारियाच्या दुकानात आणलं. त्याने चारही संगणकांकडे बघितलं आणि यातला कुठला, असं विचारलं.

इलारियाच्या मनातून यादीतला तो दुसरा मार्तीन हेरोनिमो जात नव्हता. त्याच्या घरी कुणाला माहीत आहे का, म्हणून तिने त्या रेडिओला लिहिलं. सात महिन्यांनी उत्तर आलं. तो ग्वाटेमालातल्याच किचे भागातला होता, त्याच्या भावाने येऊन मृतदेह घरी नेला होता. तिने हे निकोलासाला सांगितलं. निकोलासाने पुढच्या रविवारी देवळात त्याच्या नावाने मेणबत्ती लावली.

पुढच्या वर्षी बटाट्याला भाव पडला आणि हेरोनिमो पुन्हा निघाला. आईने अडवलं नाही. जाण्याआधी तिने त्याला इलारियासमोर बसवलं आणि दुकानाचा नंबर पाठ करायला लावला. उलटा, सुलटा, मधूनच विचारून. तो हसायला लागला तशी तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.