राहून गेलेली गूळतुला

माझं वजन ताणामुळे वाढतंय असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्या दिवसापासून मला ताणाचाच ताण आला.

मी सोलापुरात टॉवेल बाहेरगावी पाठवणाऱ्या एका ऑफिसात कामाला आहे. माल वेळेत निघाला नाही की मालकांचा फोन येतो, आणि मालकांचा फोन आला की माझा हात आपोआप खाऱ्या शेंगदाण्यांच्या पुडीकडे जातो. डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं. झोप कशी, चालणं किती, संध्याकाळी काय खाता? (मी "थोडंसं" म्हणालो. शेजारी बसलेल्या बायकोला एकदम खोकला आला.)

"साखर काठावर आहे, बीपीही वर आहे," डॉक्टर म्हणाले. "वजन उतरवा. पुढच्या वेळी हेच दिसलं तर गोळ्या सुरू करू. आणि मुख्य म्हणजे, टेन्शन घ्यायचं नाही!"

माझे वडील याच वयात, भरल्या ताटावरून छातीला हात लावून उठले, ते पुन्हा बसलेच नाहीत. त्यामुळे मी घाबरलो. खरंच घाबरलो. ऑफिसात जाऊन अर्धी पुडी संपवली तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

घरी वैशालीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, माझं टेन्शन घालवायचं काम अंगावर घेतलं. दिवसभर तिचे फोन सुरू झाले. "अहो, टेन्शन आलं नाही ना?"

"नव्हतं."

"नव्हतं म्हणजे? आता आलं?"

आई मात्र गप्प होती. आमची आई गप्प बसली की समजावं, काहीतरी मोठं शिजतंय. शेवटी भाकरी थापता थापता तिने परातीतला हात थांबवला.

"आता कळलं मला. नवस ऱ्हायलाय."

"कसला नवस?"

"लहानपनी तू लई किरकोळ हुतास. नुसती काडी! सारखा आजारी. तवा गावच्या मारुतीला बोलले हुते, माझ्या पोराला अंग धरू दे, तुझ्या दारात गुळानं तोलीन. संसाराच्या नादात ऱ्हाऊनच गेलं बघ."

"मग त्याचं आता काय?"

"काय म्हंजे? त्यो देतोय आन् तू वाढतोयस! पुरं म्हनून त्याला कुनी सांगितलंच न्हाय की!"

डॉक्टरांच्या निदानापेक्षा हे निदान मला जास्त पटलं. (त्यात शेंगदाण्यांचा उल्लेख नव्हता.) अडचण एकच होती. तोलायचं आमच्या गावी करकंबात, सगळ्यांसमोर, म्हणजे आयुष्यभर शर्ट बाहेर काढून लपवलेलं सगळं उघड्यावर येणार.

"आई, आधी थोडं उतरू दे. मग जाऊ."

"आन् तवर आनखी वाढलं म्हंजे?"

मी आशेने वैशालीकडे पाहिलं. ती म्हणाली, "जाऊन येऊ ना! गूळ तुम्हाला खायचा थोडाच आहे? नुसतं बसायचंय."

ठरलं! आणि तुलेच्या धास्तीने माझं खाणं दुप्पट झालं.

करकंबात माझ्या धाकट्या चुलत्यांनी, दादाकाकांनी, कांद्याच्या व्यापाऱ्याचा जुना ताजवा मागून आणला होता. मारुतीच्या दारातल्या कट्ट्याजवळच्या कडुलिंबाच्या फांदीला तो टांगला. फांदी आणि मी, दोघंही एकमेकांकडे संशयाने बघत होतो. एका पारड्यात मी मांडी घालून बसलो, हात जोडले, पोट आत ओढलं. (पोट आत ओढल्याने वजन कमी होत नाही, हे मला माहीत आहे. तरी ओढलं.) दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा पडू लागल्या.

ढेपा संपल्या. मी जमिनीवरच!

"असू दे, असू दे," दादाकाका म्हणाले. "ए, दुकानातनं आनखी आना रं!"

दुकानातला गूळ आला. पारडं हललंसुद्धा नाही. मग बाया आपापल्या घरातून डब्यातला गूळ घेऊन आल्या. कोणी बदामाएवढा खडा टाकला, कोणी लोट्यातून काकवी आणली. गर्दी वाढली. मागून कोणीतरी कौतुकाने म्हणालं, "सोलापुरात खायला मिळतंय बाबा!"

मला दरदरून घाम फुटला. छाती धडधडायला लागली. डॉक्टरांचा काटा बिघडलेला असणार, आपण याच्या दुप्पट आहोत, आज इथेच मारुतीच्या दारात आपला निकाल लागणार! आईचा चेहरा पांढरा पडला होता. नवस अपुरा राहिला तर लेकराचं काय, हेच तिच्या डोळ्यांत दिसत होतं. "देवा, घे की रं गोड मानून," ती पुटपुटत होती.

तेवढ्यात एक खडा घरंगळला म्हणून दादाकाका खाली वाकले आणि ओरडले, "आरं, तुजं पारडं अडकलंय की! कट्ट्याच्या फरशीखाली कड गेलीया!"

"थांबा, मी उतर..." म्हणेपर्यंत त्यांनी कड लाथेने सोडवली.

मी वर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मला मी हलका वाटलो. गूळ धाडकन खाली बसला, मी लिंबाच्या पाल्यात शिरलो आणि तिथून थेट काकवीत आलो.

लागलं काहीच नाही. पण देवाला वाहिलेला गूळ परत घ्यायचा नाही, असं आईने जाहीर केलं. "जास्त झाला तर झाला. पोरगं सुटलं माझं!" आणि ती तिथेच पायरीवर बसून रडली.

परतताना मोटारीत वैशाली हळूच म्हणाली, "अहो, जास्तीचा गूळ देवाने आगाऊ धरला तर? म्हणजे तेवढं वजन अजून..."

झालं! त्या विचाराने माझी अन्नावरची वासनाच उडाली. ताणाने आधी भूक वाढवली होती, आता तोच ताण घशाखाली घास उतरू देईना. मालकांचा फोन आला की पुडीऐवजी मी गच्चीवर येरझाऱ्या घालू लागलो.

पुढच्या वेळी डॉक्टर काटा बघून खूश झाले. "वा! चांगलं उतरलंय. साखरही जागेवर. टेन्शन घेणं सोडलंत वाटतं?"

मी मान डोलावली. गोळ्या टळल्या!

उड्या मारत घरी आलो. आईने दारातच माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि तिचे डोळे भरले. "गालफाडं बसली रं तुजी! शेवटाला तुझ्या बापाचं तोंड असंच दिसायचं." ती आत देव्हाऱ्यापाशी गेली, बराच वेळ हात जोडून उभी राहिली आणि हसऱ्या चेहऱ्याने बाहेर आली.

"काय केलंस, आई?"

"काय न्हाय. मारुतीला बोलले, पोराला पयल्यासारखं अंग धरू दे. ह्या टायमाला पेढ्यानं तोलीन."

वैशालीने कपाळाला हात लावला. मी मात्र अगदी शांतपणे जेवायला बसलो, दुसरी भाकरी संपवून तिसरी स्वतःच्या हाताने वाढून घेतली, शेंगाच्या चटणीवर दही ओतलं आणि म्हणालो, "आता देवाच्याच मनात आहे म्हटल्यावर आपण कोण आडवे येणार?"