ओदीलियाबाईंच्या पत्त्यावर

हल्ली कर भरायचा तर लोक फोनवर बोट फिरवतात आणि मोकळे होतात. मला ते बघवत नाही. त्यात ओदीलियाबाईंचं दुकान कुठेच नाही.

बटणं, दोरे, लोकर विकायचं ते दुकान चर्चच्या मागच्या चढावर होतं. नव्वदच्या दशकात आमच्या दक्षिण पोर्तुगालात थंडीला कंटाळलेले परदेशी घरं घेऊ लागले. कायदा असा, की जो इथला रहिवासी नाही त्याने कर खात्यापुढे इथला एक माणूस प्रतिनिधी नेमायचा. खात्याची सगळी पत्रं त्या माणसाच्या पत्त्यावर येणार. वकील या कामाचे बक्कळ पैसे घेत. ओदीलियाबाईंनी एका शेजाऱ्याचं काम फुकटात केलं आणि बघता बघता एकतीस घरांची पत्रं त्यांच्या बटणांच्या खणांत येऊन पडू लागली. मी तेव्हा गावच्या पंचायतीत कारकून होतो. कायदा मला जास्त यायचा, पण लोक जायचे बाईंकडे.

बाईंना त्या लोकांची भाषा येत नव्हती, पण समजावायच्या झकास. प्रत्येकाची तक्रार एकच असायची: मी माझ्या देशात कर भरतो, मग इथे कशाला? बाई शांतपणे ऐकून घ्यायच्या, मग गालाखाली हात ठेवून डोळे मिटून दाखवायच्या. "खातं पासपोर्ट बघत नाही रे बाबा, उशी बघतं. जिथे झोपतोस तिथला तू." वर्षात एकशे त्र्याऐंशीपेक्षा जास्त रात्री इथे काढल्या की माणूस इथला, आणि मग त्याच्या साऱ्या मिळकतीचा जाब इथे द्यायचा. तोवर तो पाहुणा.

हार्मन हा त्यांतलाच एक पाहुणा. हॉलंडचा, बंदरात जहाजं आत आणायचं काम करून निवृत्त झालेला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. उंच इतका, की दुकानात शिरताना मान वाकवायला लागायची. आकड्यांशी त्याचं वाकडं, म्हणून त्याच्या रात्री बाईच मोजायच्या. कॅलेंडरवर रोज पेन्सिलीची एक रेघ. जानेवारीच्या सुरुवातीला यायचा, ईस्टर झाला की जायचा, सप्टेंबरअखेर परतायचा आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या रात्री संपायच्या. नाताळ तुझ्या हिशेबात बसत नाही, असं बाई त्याला बजावायच्या. तो मान हलवून बॅग उचलायचा. आम्ही टवाळ. कॉफी पिता पिता म्हणायचो, ओदीलियाबाई दरवर्षी एक गडी हाकलून देतात आणि महिनाभर कुणाशी धड बोलत नाहीत. धड बोलत नसत, हे मात्र खरं होतं.

सातव्या वर्षी रात्री संपल्या त्या दिवशी हार्मन बॅग न घेताच दुकानात आला. मी बायकोसाठी लोकर घ्यायला तिथेच उभा होतो. म्हणाला, यंदा जात नाही. बाईंनी त्याला बसवून तीन-तीनदा समजावलं. अजून एक रात्र राहिलास तर तू रहिवासी होशील. मग पेन्शन हॉलंडची असो नाहीतर चंद्रावरची, फॉर्म इथे भरायचा, आणि तुझ्या बाबतीत कर जास्तच बसेल.

"आणि मग तुला प्रतिनिधी लागणार नाही," बाई म्हणाल्या. "तुझी पत्रं थेट तुझ्या घरी येतील, दुकानात यायला नको."

हे सांगताना त्या लोकरीचा गुंडा गुंडाळत होत्या. तो आधीच गुंडाळलेला होता. बाई आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतायत, आणि तोही कायद्यात बसवून, हे मला तेव्हा कळलं. हार्मन फक्त "बरं" म्हणाला.

जानेवारीत तो रहिवासाच्या दाखल्यासाठी पंचायतीत आला. दाखल्याला गावातले दोन साक्षीदार लागतात. एक पाववाली ग्रासिएत आणि दुसऱ्या ओदीलियाबाई. प्रतिनिधी म्हणून आपलं नाव काढून टाकण्याचा अर्जही बाईंनी स्वतःच भरून आणला होता. एरवी त्यांचं अक्षर मोत्यासारखं, त्या दिवशी वाकडं आलं होतं.

हा इथे राहतो हे कशावरून म्हणता, असं मी नियमाप्रमाणे विचारलं. ग्रासिएत म्हणाली, रोज चार पाव नेतो. ते मी लिहिलं. बाई अर्जाची घडी नीट करू लागल्या. मी पुन्हा विचारलं, कारण रकाना रिकामा सोडणं माझ्या स्वभावात नाही.

"कशावरून म्हणजे?" टेबलाकडे बघत बाई भरभर बोलल्या. "हा नसला की मला दुकान उघडावंसं वाटत नाही. सकाळी किल्ली हातात घेऊन नुसती बसून राहते. लिही, काय लिहायचं ते."

हार्मनला आमची भाषा सावकाश बोललं तरच कळायची. त्याने मला विचारलं, काय म्हणाली? माझा कारकुनी जीव घाबरला.

"म्हणतात, तू इथेच राहतोस," मी म्हणालो.

"ते मला माहीत आहे," हार्मन म्हणाला. "पुढचं सांग."

"बेल्मीरू, शिक्का मार आणि गप्प बस," बाई म्हणाल्या.

मी शिक्का मारला. मग एकेक शब्द सुटा करून हार्मनला सगळं सांगितलं, किल्लीसकट. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसला.