माझ्या खेळातला उसना राक्षस

मंडळी, वडगावच्या विणकर गल्लीवर रचलेला आपला फासे टाकून गोष्ट रचायचा खेळ आज सकाळी साइटवरून काढला गेला. नोटीस आली.

खेळाचे नियम एका परदेशी कंपनीचे, नोटीसही त्यांचीच; ते नियम परवान्यानं सगळ्यांना खुले होते. पण त्यांचा एक राक्षस मी नावासकट उचलला, आणि तो खुला नव्हता. परवाना शेवटपर्यंत वाचलाच न्हाय. चूक माझीच.

मागावर बसलेल्या माझ्या वडिलांना, आप्पांना सांगितलं. माग न थांबवताच म्हणाले, "मी काढलेला साडीचा मोराचा काठ आज गल्लीभर सगळ्यांच्या मागावर हाय. मी कुणाला नोटीस धाडली व्हय रं?"

फाईल उघडून राक्षस खोडला. कायसुद्धा वाटलं न्हाय, तो माझा नव्हताच.

पण पहिल्या पानावर माझीच ओळ आहे: 'हा खेळ कुणीही घ्या, बदला, वाटा.'

ती ठेवू का खोडू?