निघताना ताई ‘येते’ म्हणायच्या

आरसा जुन्या साडीत गुंडाळून मी दाराशी ठेवला होता. चपला घातल्या होत्या, कुलूप हातात होतं. तेवढ्यात फोन वाजला. वसुधाताईंची भाची मीनल कोराडीहून बोलत होती. “मावशी, आत्या गेली... पहाटे झोपेतच. शेजारच्यांचा आत्ताच फोन आला.” मी म्हटलं, “बरं.” असं कळल्यावर कोणी बरं म्हणतं का? पण माझ्या तोंडातून तेवढंच निघालं. फोन बंद झाला तरी मी कुलूप हातात धरून उभीच होते. रडू आलं नाही. आधी भीती आली. आदल्या दुपारी मी ताईंना एक गोष्ट सांगितली होती. ती ऐकूनच त्या गेल्या, असं मनात आलं.

त्याला आता दोन महिने होत आले. ताईंच्या कामाची माझ्याकडे वही आहे, तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहिते आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण ताईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता तेव्हा रोज पेपर मीच वाचून दाखवायची, त्यामुळे हात आणि डोळे रुळले. चारचौघांत मला बोलता येत नाही. कागदावर तरी सगळं नीट सांगावं, असं वाटतं.

नागपूरच्या नंदनवन भागात ताईंच्या घरी मी अकरा वर्षं स्वयंपाक केला. ताई जमिनीचे नकाशे आणि जुन्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीतून रिटायर झालेल्या. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर त्यांच्यासारख्याच चार-पाच जणांबरोबर त्यांनी एक काम धरलं. फार वर्षांपूर्वी स्कॉटलंडहून जे लोक नागपुरात येऊन राहिले, कोणी शाळेसाठी, कोणी दवाखान्यासाठी, कोणी रेल्वेत, त्यांच्या कबरी शोधायच्या, त्यावरचं उतरवून घ्यायचं, घराण्यांची माहिती जुळवायची आणि तिकडे कोणी आपल्या माणसाचा शोध घेत असेल तर कळवायचं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी काही देणार नव्हतं. मी एकदा पोळ्या लाटता लाटता म्हटलं, “ताई, त्या इंग्रजायचं आपल्याले काय करा लागते?” ताई हसल्या. “सगळे गोरे इंग्रज नसतात वं. यांचा मुलूख वेगळा. तुला कोणी पुण्याची म्हटलं तर चालेल काय?” मी म्हटलं, “मले काहून पुण्याची म्हनन कोनी?” “तेच तर!” ताई म्हणाल्या. मग मीही हसले.

मला लहानपणापासून भेव फार. अंधाराचं, पाण्याचं, मोठ्या आवाजात बोलणाऱ्या माणसांचं. कबरस्तानात जायचं म्हटल्यावर मी साफ नाही म्हटलं होतं. पण ताई म्हणाल्या, “फोटो काढायला एक माणूस लागतो, आरसा धरायला दुसरा. मी एकटी दोन माणसं कुठून होऊ?” आरशाचं असं होतं की दगड झिजले, अक्षरं बुजली. पहिल्यांदा आम्ही इतवारी बाजारातून आणलेली रांगोळी हातानं दगडावर फिरवायचो, मग खाचा दिसायच्या. पण तिकडच्या लोकांनी लिहिलं की पूड चोळल्यानं दगड खराब होतो. मग ताईंनी आरशाची युक्ती काढली. सकाळचं ऊन आरशात घेऊन ते बाजूनं, तिरकं दगडावर टाकायचं. जे सपाट वाटतं त्यावर सावली पडते आणि अक्षर वर येतं. ताईंचा आरसा भिंतीत बसवलेला, म्हणून मी माझा नेला, लग्नातला. सासूबाई तेव्हा होत्या. “आरसा कोनी मसनात नेते का वं?” म्हणून दोन दिवस बोलल्या नाहीत. मी पहिल्या दिवशी तो धरला तेव्हा हात इतका कापत होता की उजेड दगडावर नाचत होता. ताई म्हणाल्या, “त्यांना वाटेल, दिवाळीच आली.”

फोटोत न येणारं मी वहीत उतरवायची. इंग्रजी मला वाचता येत नाही. आकडे तेवढे ओळखते, बसवरचे, फोनवरचे. बाकी अक्षर म्हणजे माझ्यासाठी रांगोळीच. जसं दिसलं तसं काढायचं. ताईंना त्याचं फार कौतुक. गटातले देशकर सर कॉलेजात शिकवून रिटायर झालेले, पण अर्धं अक्षर दिसलं की पुढचं अंदाजानं लिहून मोकळे व्हायचे. ताई त्यांना सुनवायच्या, “सर, तुम्ही वाचता. कुसुम पाहते. मला पाहणारी पाहिजे.” असं कोणी माझ्याबद्दल कधी बोललं नव्हतं. मी मान खाली घालायची आणि रात्री घरी आल्यावर ते शब्द आठवायची.

ताईंची एक सवय मात्र मला सोसत नसे. एकेक दगड झाला की त्या त्याच्यावर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, “येते हं.” आपल्यात गेलेल्याच्या घरून निघताना कोणी येते म्हणत नाही. नुसतं उठायचं आणि चालू लागायचं. मी एकदा धीर करून म्हटलं, “ताई, इथं येते म्हणू नाही वं. मले लई भेव वाटते.” ताई झोळी खांद्याला लावत म्हणाल्या, “अगं, यांना इतकी वर्षं कोणी येतो म्हटलेलंच नाही.” आणि पुढच्या दगडाकडे गेल्या. मी फाटकाबाहेर पडेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

चूक झाली ती दोन हिवाळ्यांपूर्वी. कडुनिंबाखाली एक लहान दगड आहे, मुलीचा. खालचा तुकडा फुटून गेलेला, तारीख गेली, नाव आणि वय राहिलेलं. वयाच्या आकड्यावर काळं शेवाळ बसलं होतं. फोटोत तो डागच आला. मी बोटानं चाचपून वहीत काढू लागले. रेघ डावीकडे उघडी लागली. आता रांगोळीत उघडी रेघ कोणी ठेवत नाही. लहानपणी आईनं हातावर चापटी मारून शिकवलेलं, सुरू केलेली रेघ जिथून निघाली तिथं नेऊन मिळवायची. शेवाळानं खाल्ली असेल असं वाटलं आणि माझा हात आपोआप वळला. दोन्ही पोटं बंद झाली. इंग्रजी तिनाचे आठ झाले. मनात खटकलं होतं... खोटं काहून लिहू? खटकलं होतं. पण ताई पुढच्या दगडाशी उभ्या होत्या, ऊन चढत होतं. मी पान उलटलं.

पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून मार्गारेट नावाच्या बाईंचं पत्र आलं. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या पणजोबांची नागपुरात पाच वर्षं नोकरी होती, इथंच एक मुलगी झाली आणि तीन वर्षांची होऊन गेली. घरात पिढ्यान्‌पिढ्या तिचं नाव घेतात, पण ती कुठं आहे कोणाला माहीत नाही. ताईंनी यादी पाहिली. नाव जुळत होतं, आडनावही. वय आठ. पाच वर्षं राहिलेल्या घरात इथं जन्मलेली आठ वर्षांची मुलगी कुठून येणार? चर्चच्या नोंदवहीतली ती पानं वाळवीनं खाल्लेली. ताईंनी लिहून टाकलं, ही तुमची नव्हे, आपल्याकडे देशमुख असतात तशी तिकडे त्या आडनावाची माणसं पुष्कळ. बाईंचं उत्तर दोन ओळींचं आलं, आभाराचं. ताई ते वाचून खूप वेळ चष्मा पुसत बसल्या. “बिचारी,” म्हणाल्या. मी ओट्याशी उभी होते. कढईतलं तेल धुरावलं तरी मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. तोपर्यंत एकटी कधी गेले नव्हते. शेवाळावर ओलं फडकं ठेवलं आणि बोट फिरवलं. डावीकडची बाजू गुळगुळीत होती. तिथं रेघ कधी कोरलेलीच नव्हती. मी पळतच बाहेर आले.

वर्षभर मी हे पोटात ठेवलं. रोज ठरवायची, आज सांगते. रोज ताई काही तरी बोलायच्या, “कुसुमची वही म्हणजे छापील काम,” आणि मी पोळपाटाकडे वळायची. काम जाईल ही भीती नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहणं बंद केलं तर, ही होती. पाहणारी म्हणून एकटीच मी होते, आणि मीच पाहिलं नव्हतं.

शेवटी त्या दुपारी सांगितलं. आम्ही ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. ताई म्हणाल्या, “आठवडाभरात यादी पक्की करून तिकडे पाठवायची, मग मी सुटले.” मी शेंगांकडे पाहत एका दमात बोलून टाकलं, “ताई, त्या पोरीचा आठ नाही, तीन हाये. मीच मिळवली रेघ. मले माहीत होतं.” ताईंचे हात थांबले. पाणी मागितलं. मी दिलं, ते हळूहळू प्यायल्या आणि छातीवर हात ठेवून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “वर्षभर काहून नाही सांगितलं वं?” मी म्हटलं, “भेव वाटे.” “माझं?” मी मान हलवली. ताईंनी दाण्यांचं ताट बाजूला केलं. “उद्या सकाळी आरसा घेऊन ये. उन्हात दोघी पाहू.” बस, एवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टर म्हणाले हृदय आधीच थकलेलं होतं, ताईंनी कोणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी मान डोलावली. मला त्या छातीवरच्या हाताशिवाय काही दिसेना. चुलीपुढे बसले की तो हात, डोळे मिटले की तो हात.

तेराव्यानंतर गटानं ताईंच्या घरी लहानशी सभा घेतली. मी दाराशी, चपलांजवळ बसले. देशकर सर उभे राहिले. “ताईंच्या यादीत एक चूक सापडणार नाही,” म्हणाले, “सोमवारी ती त्यांच्या नावानं स्कॉटलंडला जाईल, हीच श्रद्धांजली.” लोक हळहळले. यादी गेली की ती पोर कायमची कोणाचीच नाही. आणि बोलले तर ताईंच्या नावाला डाग, तोही त्यांच्या फोटोला हार घातलेला असताना. सभा संपली. मी कप विसळायला आत गेले.

मीनल कप पुसायला आली. पाण्याचा नळ सुरू होता, त्याच्या आवाजात मी तिला सगळं सांगितलं. आकड्याचं सांगितलं, मग तेही, “मी सांगतलं म्हनून तर नाही ना वं झालं?” मीनलनं नळ बंद केला. मग म्हणाली, “मावशी, आत्यानं त्या संध्याकाळी मला फोन केला होता. म्हणाली, कुसुमनं आज फार मोठं काम केलं, काय ते उद्या पाहून सांगते. आवाज आनंदी होता गं.” तिनं माझा ओला हात धरला. तिचं मन चांगलं आहे. पण ताई माझ्या खारट भाजीलाही छान म्हणायच्या... माझी भीती त्यानं गेली नाही. कमी झाली इतकंच म्हणते.

रविवारी सकाळी मीनल पहिल्या बसनं आली. मी आरसा तिरपा केला, उजेड दगडावर टाकला. उजेड पहिल्या दिवसासारखाच नाचला. मीनल गुडघ्यावर बसून फोनमधून पाहत होती. “थोडा खाली... अजून... थांब, हलू नको!” मग ती ओरडली, “तीनच आहे, मावशी! चक्क तीन!” उजव्या बाजूच्या दोन कमानींत सावली भरली होती, डावीकडे नुसता उजळ दगड. मी आरसा खाली ठेवला तेव्हा त्यात मला माझं तोंड दिसलं, रडवेलं.

तिथंच पायरीवर बसून मी वही काढली. कचेरीतला नियम ताईंनी मला शिकवला होता, चूक खोडायची नाही, एक आडवी रेघ मारायची म्हणजे खालचं वाचता येतं, आणि शेजारी बरोबर लिहून सही करायची. मी आठावर रेघ मारली, तीन लिहिला. सही म्हणून मी नेहमी नुसतं ‘कु.’ लिहायची. त्या दिवशी पूर्ण नाव लिहिलं, ‘कुसुम, माझ्या हातून चूक झाली होती.’ मीनलनं फोटो आणि पत्र दोन्ही पाठवलं, सरांना आणि मार्गारेटबाईंना. सर दुसऱ्या दिवशी घरी आले. मी पदर सावरत भिंतीला टेकून उभी. ते म्हणाले, “यादी दुरुस्त करूनच पाठवतो. माझ्या अशा चुका किती असतील, कोण जाणे.” चहा न घेताच गेले.

बाईंचं उत्तर गेल्या आठवड्यात आलं. मीनलनं फोनवर वाचून दाखवलं. चुकीबद्दल एक शब्द नाही. फक्त विचारलं होतं, तुमच्याकडे ऊन फार असतं असं आमच्या घरात सांगतात, ती आहे तिथं सावली आहे का?

परवा भर दुपारी मी पाहायला गेले. एकटीच. चौकीदार म्हणाला, “आज आरसा नाही आनला का, काकू?” मी मान हलवली. कडुनिंबाची पानगळ सुरू आहे. सावली दगडावर पडते, पण विरळ, जाळीसारखी. मी तेच कळवायचं ठरवलं, आता थोडी आहे, चैत्रात नवी पालवी आली की दाट होईल, तेव्हा पुन्हा पाहून लिहिते. दगडावरची पिवळी पानं झाडली. आजूबाजूला कोणी नव्हतं. वारा होता, मागे काही तरी वाजत होतं, मला नेहमीसारखं भेव वाटत होतं. चैत्रात यायचं तर आहेच. मी दगडावर हात ठेवला. तो तापलेला होता. “येते हं,” म्हटलं... एकदा त्या पोरीला, आणि एकदा ताईंना.