मावशीचा राहिलेला प्याला

शहापूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या मोठ्या पंचांनी बायबलबाईला फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा कुणी गोड बोलून झाकायला नको.

पाड्यापाड्यांवर जाऊन बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवणारी ही बाई. मी तिला मावशी म्हणायचो. तोंडावर, हातांवर कोडाचे पांढरे डाग. कोड लागत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी प्रभुभोजनाचा एकच प्याला सगळ्यांत फिरू लागला की ती आपण होऊन सर्वांत शेवटी घ्यायची. "नायतर लोकांचं ध्यान प्रभूवर नाय, माज्या ओठांवर ऱ्हातं," म्हणायची आणि स्वतःच हसायची.

माझा धंदा गवताचा. मुरबाडकडचं गवत घ्यायचं, आसनगावला रेल्वेच्या वाघिणीत भरायचं. भाव बोलण्याआधी मी गंजीत खांद्यापर्यंत हात घालतो. ओलं गवत रचलं की गंजी वरून सोन्यासारखी दिसते, पण आत तापत जाते. आंबूस वास सुटतो आणि एक दिवस कुणी काडी न लावता धूर निघतो. एकदा मी असाच एकाशी कडाकडा भांडत होतो, तर मावशी वाटेत थांबली. "बरा बघतोस रे. देव पन असाच बघतो. वरचं नाय, आतलं."

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षी नवं प्रार्थनाघर उभं राहिलं. तिथल्या पहिल्या प्रभुभोजनाला मुंबईचे पाहुणे येणार होते, फोटो निघणार होता. आदल्या दिवशी पंच मावशीला म्हणाले, "शेणव्याला एक बाई अत्यवस्थ आहे, तुमचंच नाव घेते. जाऊन या. सकाळी बैलगाडी पाठवतो. तुम्ही आल्याशिवाय प्याला उचलणार नाही."

शेणव्यात कुणी आजारी नव्हतं. गाडीही गेली नाही. मावशी उन्हातून चालत परतली तेव्हा प्याला धुऊन पालथा घातलेला होता.

मी आसनगावहून पोचलो, तर ती पायरीवर बसलेली. सगळं ऐकलं आणि आत जाऊन पंचांची कॉलर धरली.

"सोड रे," मावशी मागून आली. "इस्तरी मोडंल त्यांची."

मग तिनं आपला पांढऱ्या डागांचा हात पंचांच्या कोटावर, बरोबर छातीवर ठेवला. मी गंजीत ठेवतो तसा, थांबून.

"आत तापतंय," ती हळूच म्हणाली.

पंच मागे सरले आणि रुमालानं कोट पुसू लागले.

पुढे ती मुरबाडला बहिणीकडे राहिली. तिथल्या मंडळीने प्रभुभोजनाला बोलावलं, तर म्हणाली, "माजा प्याला शहापुरात ऱ्हायलाय. बोलावतील तवा घेईन." कुणी बोलावलं नाही. ती तशीच गेली. तिच्या स्मरणाच्या उपासनेत पंच अंतःकरणाच्या सौंदर्यावर बोलले. छान बोलले. कोटाला एक सुरकुती नव्हती.

पंच, तुम्ही अजून पहिल्या बाकावर बसता, प्याला आधी तुमच्याकडे येतो. येत्या प्रभुभोजनाला मी तुमच्या शेजारी बसणार आहे. ओठाला लावण्याआधी सगळ्यांसमोर सांगा, त्या दिवशी शेणव्यात आजारी कोण होतं? सांगितल्याशिवाय प्याला मी पुढे जाऊ देणार नाही.