बाहेरून ऐकलेलं गाणं

हॉस्टेलवर मी आणि माझा खोलीतला मित्र, आम्हा दोघांत एकच वॉकमन होता, तोही माझा. इंग्लंडच्या एका रॉक बँडचं एक गाणं तेव्हा जगभर गाजत होतं. आमच्यापर्यंत ते कुणाच्या तरी मामेभावाने भरून दिलेल्या कॅसेटवर पोहोचलं. इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. त्या गाण्यात गिटार डावीकडे आणि गाणारा उजवीकडे होता, आणि उजवं टोक नेहमी तोच पटकावायचा. त्यामुळे कित्येक महिने मला त्या गाण्याची फक्त गिटारच पाठ होती. शब्द तो म्हणून दाखवायचा, बेसूर आणि मोठ्या ऐटीत.

हे गाणं एकदा त्या बँडसमोर उभं राहून ऐकायचं आणि दोघांनी मिळूनच ऐकायचं, हे तेव्हाच ठरलं. असली वचनं हॉस्टेलवर सगळेच देतात आणि विसरतात. मी विसरलो नाही. पुढे तो नोकरीसाठी सिंगापूरला आला, त्याच्या भरवशावर चार वर्षांनी मीही आलो. तो तोआ पायोहला राहतो, मी जुरोंग ईस्टला. आणि इतक्या वर्षांनी तो बँड चक्क इथे येणार असं कळलं.

तिकिटांच्या आगाऊ विक्रीसाठी मी नाव नोंदवून ठेवलं होतं. माझ्या नावावर कोड आला. एका कोडवर चार तिकिटं, म्हणजे आम्ही दोघं आणि दोघांच्या बायका. हिशोब कसा अगदी जमून आला होता. पण मी नोव्हेनातल्या एका हॉस्पिटलात एमआरआय मशीन सांभाळतो, आणि त्या खोलीत फोन नेता येत नाही. विक्री नेमकी त्याच सकाळी. आमच्या ओळखीतलं कुठलंही बुकिंग तसंही तोच करायचा.

"कोड पाठव आणि निवांत मशीन खोल," तो म्हणाला. "बाकी मी बघतो."

दुपारी खोलीबाहेर येऊन फोन पाहिला, तर त्याचा मेसेज. पैसे भरायच्या पानावर सगळं अडकलं, तिकिटं गेली. उलट मीच त्याची समजूत काढली. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो, वहिनींनी पोहे केले, तिघांनी मिळून हळहळ व्यक्त केली. त्या पोह्यांचा मला अजून राग येतो.

माझी मुलगी इथल्या ढंगात म्हणाली, "सो सॅड लाह बाबा, यूट्यूबवर बघा ना." बायकोला मात्र माझं दुःख कळलं. स्टेडियमच्या बाहेर बसूनही बऱ्यापैकी ऐकू येतं, असं तिने कुठून तरी शोधून काढलं. मी त्यालाही विचारलं. तर म्हणाला, त्या संध्याकाळी क्लायंटचा कॉल आहे.

दिवेलागणीला बायको आणि मी स्टेडियमबाहेर पाण्याच्या कडेला चटई टाकून बसलो. आजूबाजूला आमच्यासारखेच बिनतिकिटाचे, हॉकर सेंटरमधून नूडल्स बांधून आणलेले. बँडला म्हणे स्वतःच्या त्या गाण्याचा कंटाळा आलाय, म्हणून ते सुरुवातीलाच उरकून टाकतात. खरंच, दुसरंच गाणं ते निघालं. गिटार ऐकली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बिचारा तिकडे कॉलवर बसला असेल, दोन मिनिटं त्यालाही ऐकू दे, म्हणून मी त्याला फोन लावला.

त्याने उचलला. पण बोलला नाही. फोनमधून तेच गाणं येत होतं, आमच्यापेक्षा कितीतरी जवळून. शब्द स्वच्छ, लोकांचा जल्लोष, मध्येच वहिनींचं हसणं. बाहेर आमच्यापर्यंत छपरावरून येणारा आवाज एखाद्या शब्दाने मागे होता, आणि फोनमधला गाणारा पुढे निघून गेला होता. मला समजायला वेळ लागला. समजल्यावरही मी फोन ठेवला नाही. सगळं गाणं तसंच ऐकलं, याची मला लाज वाटते.

रविवारी मी तोआ पायोहच्या हॉकर सेंटरला त्याला गाठलं. त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत. कंपनीत माणसं कमी करताहेत, त्याचा इथे काम करायचा पास नूतनीकरणाला आलाय, आणि साहेब त्या बँडचा वेडा. दोन तिकिटं साहेबाला आणि त्याच्या बायकोला. मग शेजारी बसायला हे दोघं.

"मला सांगितलं असतंस तर चारही दिली असती," मी म्हणालो. आणि ते खरं होतं. पास म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. तो गेला तर महिन्याभरात घर, शाळा, सगळं गुंडाळावं लागतं.

"माहीत होतं रे," तो म्हणाला. "पण तू दिली असतीस, तर मला तुला सोडून जाता आलं नसतं."

मला वाटलं, आता तो खाली मान घालेल. तेवढ्यावर मी त्याला माफ केलं असतं, खरंच केलं असतं. त्याने कॉफीचा घोट घेतला, आणि त्याचा चेहरा एकदम खुलला.

"फोन मात्र मी मुद्दाम उचलला हं. शेजारी साहेब होता, तरी हातात धरून ठेवला. म्हटलं, तुलाही मिळू दे. आवाज नीट येत होता ना?"

"येत होता," मी म्हणालो, आणि कॉफी तशीच टाकून उठलो. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.