वेळ बरोबर, जागा हातकणंगल्याची

आधी माफी मागतो. इथे लिहिणारे सगळे वयाने आणि अनुभवाने मोठे, आणि मी अजून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. घरात कॉलेजला जाणारा पहिलाच. तुमचे भुताखेतांचे अनुभव वाचताना मी मनात हसायचो, तेही सांगून टाकतो. वायर ढिली असेल, माणूस घाबरला असेल, एवढंच वाटायचं. आता लोक मलाच हसतात, म्हणून लिहितोय. भीतीने नाही... रागाने.

आम्ही उचगावला राहतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत साचे करतात. मला वेड घड्याळांचं. सेकंदाच्या बारीकशा तुकड्यापर्यंत अचूक चालणारं घड्याळ घरी बनवायचं, असा काही लोकांचा छंद असतो. त्यासाठी जुना जीपीएस रिसीव्हर लागतो. काही मोबाईल टॉवरवर वेळ जुळवायला असे डबे असायचे. टॉवर मोडीत निघाला की डबा भंगारात मिळतो. मी शिरोलीतून एक आणला. उघडला, पॉवर सप्लाय बदलला, दर सेकंदाला एक ठोका देणारी वायर बाहेर काढून माझ्या घड्याळाला जोडली. हाच माझा कॉलेजचा प्रोजेक्ट.

डबा सुरुवातीला जवळपास वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवत होता. त्यात भुताटकी काही नाही — जुन्या रिसीव्हरमधला आठवड्यांचा आकडा भरला की तो पुन्हा शून्यापासून मोजतो. ते मी प्रोग्रॅममध्ये दुरुस्त केलं. माझी तक्रार तारखेची नाही, जागेची आहे.

असा डबा आपण कुठे आहोत हे एकदा नीट मोजून लक्षात ठेवतो आणि त्यावरून वेळ काढतो. नव्या ठिकाणी नेला की जुनी जागा पुसून नवी मोजायला लावायची. मी पुसली. आमच्या स्लॅबवर अँटेना ठेवून दिवसभर मोजू दिलं. उत्तर आलं — हातकणंगल्याच्या अलीकडचं एक शेत. आमच्या घरापासून वीसेक किलोमीटर! पुन्हा पुसली. मेमरीची चिप काढून कोरी बसवली. अँटेना बदलली. तेच शेत, आणि उंची जमिनीपासून चाळीसेक मीटर वर.

डबा बिघडलाय म्हणावं, तर वेळ अचूक. कॉलेजातल्या नव्या रिसीव्हरशेजारी लावला तर स्क्रीनवर दोघांचे ठोके एकावर एक. हेच मला झेपेना. जागा एवढी चुकली तर वेळ चुकायलाच हवी, दोन्ही एकाच गणितातून निघतात!

शेवटी मीच त्या शेतात गेलो. उसातून वाट काढत मोबाईलवरच्या बिंदूपाशी पोचलो. काँक्रीटचे चार तुटके पाय, त्यांवर वैरण वाळत घातलेली. बांधावरच्या शेतकऱ्याने हाक मारली.

"टावर बघाय आलासा व्हय? लई उशीर केलासा, पावणं. कवाच कापून न्हेला."

"कुठं नेला?"

"शिरोलीला, भंगारात. का, रेंज येत न्हाय?" आणि स्वतःच हसला.

मी वर पाहिलं. डबा सांगत होता ती जागा तिथे होती, आणि तिथे आता काहीच नव्हतं. त्या उंचीवरून एक घार आरामात निघून गेली.

हे सगळं मी रिपोर्टमध्ये जसंच्या तसं लिहिलं. गाईड सरांनी भर वर्गात वाचून दाखवलं.

"उचगावात बसून हातकणंगले? आकडे घरी बसून टाईप केलेस ना?"

"सर, तुम्ही स्वतः लावून बघा ना."

"मला शिकवू नकोस. भुताच्या गोष्टी लिहायच्या असतील तर मराठीच्या वर्गात जाऊन बस."

वर्ग हसला. रिपोर्टवर शेरा पडला — 'आकडे बनावट'. डबा त्यांनी ठेवून घेतला. वर आप्पांना कॉलेजात बोलावलं. आप्पा पाळी बुडवून आले, सरांसमोर हात बांधून उभे राहिले. घरी आल्यावर त्यांनी चपला काढून ठेवल्या. मग म्हणाले,

"खोटं लिवलंस?"

"नाही, आप्पा."

"मग सर कशाला म्हंतील? शिकल्यालं माणूस हाय ते."

मार्कांपेक्षा मला हे जास्त लागलं. ज्या शिक्षणासाठी त्यांनी मला पाठवलं, त्याच्यापुढे माझा शब्द त्यांना खोटा वाटला. गल्लीतल्या काकू म्हणतात, बाधा झालीय, अंगारा लाव. सर म्हणतात, लबाड आहे. आकडे बघायला मात्र कुणीच तयार नाही! याचं कारण मला आजही माहीत नाही, आणि माहीत असल्याचं सोंग मी करणार नाही. पण जे दिसलं तेच लिहिलं, हा माझा गुन्हा कसा?

परवा संध्याकाळी आमच्या गल्लीतले शिवामामा चहाला आले. ते कॉलेजच्या लॅबमध्ये शिपाई आहेत. आप्पा समोरच होते.

"तुझा डबा सरांनी घरी न्हेलाय की रं," मामा म्हणाले. "गच्चीवर लावलाय. दोन अँटेना बदलून झाल्या, तरी डब्याचं त्वांड हातकणंगल्याकडंच. काल सर मला इचारत हुतं, हातकणंगल्याच्या अलीकडं उसातनं वाट कुठनं जाती म्हणून."

शेरा अजून खोडलेला नाही. पण आप्पांनी बशी खाली ठेवली आणि किती तरी दिवसांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"सांगायचं न्हाय व्हय, शिवा," ते म्हणाले, "आमचं पोरगं जाऊन आलंय, त्येला इचारा म्हणून!"